ऑलिगोसीन काल : सस्तन प्राणी, पक्षी आणि हवामानबदल

नवजीव महाकल्पातील एक कालविभाग. सु. ३·३९ कोटी ते २·३० कोटी वर्षांपूर्वीच्या कालखंडास ही संज्ञा देतात. त्याच्या आधीच्या कालविभागास इओसीन व नंतरच्या कालविभागास मायोसीन म्हणतात. चार्ल्स लायेल यांनी १८३३ मध्ये तृतीय कल्पाचे जे विभाग पाडले, त्यांत ऑलिगोसीनचा समावेश नव्हता. उत्तर जर्मनी व बेल्जियम येथील काही सागरी थरांतील जीवाश्म (शिळारूप झालेले जीवांचे अवशेष) इओसीनमध्येही नीट बसत नाहीत व मायोसीनमध्येही बसत नाहीत, असे दिसून आल्यावर हाइन्रिख एर्न्स्ट बायरिख या जर्मन भूवैज्ञानिकांनी १८५४ मध्ये हा विभाग वेगळा केला. ‘अल्प’ व ‘नवीन’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्याचे नाव तयार झाले आहे. आज हयात असलेल्या मृदुकाय प्राण्यांच्या थोड्याच जाती या थरांत आढळतात, असे त्यातून सुचविले जाते.

पृथ्वीच्या हवामानाच्या इतिहासात या कालखंडाचे स्थान महत्त्वाचे आहे. त्याच्या प्रारंभी पृथ्वी उष्ण अवस्थेतून थंड अवस्थेत गेली आणि अंटार्क्टिकावर खंडव्यापी हिमस्तर प्रथमच तयार झाला. हा बदल भूवैज्ञानिक दृष्ट्या फार थोड्या अवधीत व सर्व पृथ्वीवर घडला. तथापि सस्तन प्राणी व पक्षी यांच्यावर त्याचा परिणाम सर्वत्र सारखा झाला नाही. कोठे जुने प्राणी जाऊन नवे आले, कोठे फारसे काही बदलले नाही, तर कोठे सर्वच प्राणी नष्ट झाले. थंडीचे कारण एकच असताना परिणाम इतके भिन्न का व्हावेत, हा ऑलिगोसीन जीवाश्मांच्या अभ्यासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. प्रत्येक भूभागाचे स्थान, त्यावरील वनस्पती आणि तेथे येण्याजाण्याचे मार्ग यांत त्याचे बरेचसे उत्तर मिळते.

कालमर्यादा व कालनिर्णय : ऑलिगोसीनच्या पूर्व भागास रुपेलियन व उत्तर भागास चाटियन म्हणतात. ऑलिगोसीनची खालची सीमा इटलीत अँकोना शहराजवळील मास्सिन्यानो येथील एका जुन्या खाणीतील थरांत निश्चित करण्यात आली आहे (१९९२). हँटकेनिना या एकपेशीय सागरी फोरॅमिनीफेरांचे अवशेष ज्या पातळीवर संपतात ती पातळी म्हणजे ही सीमा होय. सागरी जीवाश्मांवरून ठरविलेली ही सीमा जमिनीवर साचलेल्या थरांत ओळखणे अवघड असते, कारण नदीच्या गाळात हे सागरी जीव नसतात. त्यामुळे खंडांवरील थरांचे वय दीर्घकाळ प्राण्यांच्या तुलनेवरूनच ठरविले जाई.

ज्वालामुखी राखेच्या स्फटिकांतील आर्गॉनाच्या समस्थानिकांचे (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेल्या त्याच मूलद्रव्याच्या प्रकारांचे) मापन आणि खडकांत टिकून राहिलेल्या प्राचीन चुंबकीय दिशांची नोंद या पद्धती उपलब्ध झाल्यावर पुष्कळ थरांची वये बदलावी लागली. उत्तर अमेरिकेतील जे थर पूर्व ऑलिगोसीन काळातील समजले जात, ते १९९० च्या सुमारास इओसीनच्या अखेरचे ठरले. उलट बलुचिस्तानातील बुगटी टेकड्यांचे मायोसीन समजले गेलेले खालचे थर ऑलिगोसीन काळातील आहेत, असे त्यानंतरच्या संशोधनात आढळले. ही दुरुस्ती केवळ कोष्टकापुरती नाही. प्राणी बदलले ते हवामान बदलण्यापूर्वी की नंतर, हे कळल्याशिवाय त्या दोहोंचा कार्यकारणसंबंध सांगता येत नाही.

हवामानातील बदल : इओसीनच्या पूर्वार्धात ध्रुवीय प्रदेशांतही अरण्ये होती. त्यानंतर तापमान हळूहळू उतरत गेले आणि ऑलिगोसीनच्या प्रारंभी ते एकदम घसरले. याचा मुख्य पुरावा सागरतळाच्या गाळातील फोरॅमिनीफेरांच्या कवचांत मिळतो. पाण्याची वाफ होताना हलका ऑक्सिजन (१६) असलेले रेणू अधिक प्रमाणात निघून जातात. ही वाफ हिमरूपाने जमिनीवर अडकून पडली, तर समुद्राच्या पाण्यात जड ऑक्सिजनाचे (१८) प्रमाण वाढते. पाणी थंड झाल्यासही कवचांतील जड ऑक्सिजन वाढतो. ऑलिगोसीनच्या आरंभीच्या कवचांत त्याचे प्रमाण ठळकपणे वाढलेले दिसते. पॅसिफिक महासागराच्या तळातून विंधन करून काढलेल्या गाळाच्या अभ्यासावरून (२००५) हा बदल दोन टप्प्यांत, एकूण सु. तीन लक्ष वर्षांत पूर्ण झाला, असे दिसते. दोन्ही गोलार्धांतील उच्च अक्षांशांच्या समुद्रपृष्ठांचे तापमान सरासरीने सु. ५° से. उतरले. पाणी हिमात अडकल्याने समुद्राची पातळी खाली गेली व उथळ समुद्रांचे तळ उघडे पडले.

या थंडीच्या कारणांविषयी दोन प्रमुख मते आहेत. जेम्स केनेट व निकोलस शॅकल्टन यांनी १९७० नंतरच्या दशकात मांडलेल्या मतानुसार ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका ही खंडे अंटार्क्टिकापासून दूर सरल्याने त्याच्याभोवती अखंड वाहणारा सागरी प्रवाह सुरू झाला. या प्रवाहामुळे उष्ण कटिबंधाकडून येणारे पाणी अडले व अंटार्क्टिका खंड थंड पडला. रॉबर्ट डीकाँटो व डेव्हिड पोलार्ड यांनी २००३ मध्ये संगणकीय प्रतिकृतीच्या साहाय्याने दुसरे मत पुढे आणले. त्यानुसार वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडाचे घटते प्रमाण हे मुख्य कारण असून समुद्रमार्ग उघडणे हे दुय्यम कारण होय. हे प्रमाण एका विशिष्ट मर्यादेखाली येताच अंटार्क्टिकावरील हिम उन्हाळ्यातही टिकू लागले. पांढरे हिम सूर्यप्रकाश परावर्तित करते, म्हणून थंडी आणखी वाढली व हिमस्तर झपाट्याने पसरला. टांझानियातील सागरी गाळातील कवचांच्या बोरॉन समस्थानिकांवरून (२००९) ही मर्यादा दहा लाख भागांत सु. ७५० भाग असावी, असे अनुमान निघाले. आज दुसऱ्या मताकडे कल अधिक असला, तरी समुद्रमार्गांचे महत्त्व सर्वस्वी नाकारले जात नाही.

यूरोप : ऑलिगोसीनच्या प्रारंभीचा सर्वांत मोठा प्राणिबदल यूरोपात झाला. स्विस पुराजीववैज्ञानिक हान्स गेओर्ख श्टेलीन यांनी १९०९ मध्ये त्याला ‘मोठा छेद’ या अर्थाचे फ्रेंच नाव दिले. ते आजही रूढ आहे. इओसीनमध्ये पश्चिम यूरोप हा उथळ समुद्रांनी वेढलेला बेटांचा समूह होता. तेथील सस्तन प्राणी दीर्घकाळ एकाकी राहिल्याने इतरत्र नसलेले अनेक प्रकार तेथे निर्माण झाले होते. पॅरिसजवळच्या माँमार्त्र येथील जिप्समाच्या खाणींतून मिळालेल्या ज्या हाडांवर झॉर्झ क्यूव्ह्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लुप्त प्राण्यांच्या शास्त्राचा पाया घातला, ती पॅलिओथेरियम व अनोप्लोथेरियम या अशाच प्राण्यांची होती. लेमरांसारखे आदिम नरवानरही तेथील अरण्यांत राहत.

मोठ्या छेदानंतरच्या थरांत यांपैकी बहुतेक प्राणी दिसत नाहीत. त्यांच्या जागी गेंडे, एंटेलोडॉन हे डुकरासारखे दिसणारे अजस्र प्राणी, अँथ्रॅकोथेरियम, जाहक, बीव्हर व हॅम्स्टरच्या कुलातील कृंतक (कुरतडणारे प्राणी) आढळतात. हे सर्व आशियातून आले. यूरोप व आशिया यांच्यामध्ये उरल पर्वताच्या पूर्वेस तुर्गाई नावाचा समुद्रमार्ग होता. तो आटल्याने व समुद्राची पातळी उतरल्याने ही वाट मोकळी झाली. त्यामुळे जुन्या प्राण्यांचा नाश थंडीमुळे झाला की आगंतुकांशी झालेल्या स्पर्धेमुळे, हा वाद बराच काळ चालला. इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावरील थरांचा जेरी हुकर व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास (२००४) या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तेथे हा छेद इओसीनच्या अखेरच्या सीमेवर नसून किंचित नंतर, हिमस्तर वाढण्याच्या मुख्य टप्प्याशी जुळणारा आहे. म्हणजे थंडी, समुद्राची ओहोटी व प्राण्यांचे आगमन या गोष्टी एकत्रच घडल्या. ज्या थंडीने जुन्या प्राण्यांची अरण्ये विरळ केली, तिनेच नव्या प्राण्यांसाठी वाट उघडली.

उत्तर अमेरिका : दक्षिण डकोटा, नेब्रॅस्का व वायोमिंग या राज्यांतील व्हाइट रिव्हर थर ऑलिगोसीन सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांबद्दल जगप्रसिद्ध आहेत. जोसेफ लायडी यांनी १८४७ मध्ये पोएब्रोथेरियम या लहान उंटाचे वर्णन केल्यापासून तेथे सतत संशोधन होत आले आहे. ओरिओडोंट हे मेंढीएवढे शाकाहारी प्राणी, पायाला तीन बोटे असलेला मेसोहिप्पस हा आदिम घोडा, आखूड पायांचे गेंडे, हरिणासारखा इवलासा लेप्टोमेरिक्स, प्राचीन ससे व सुळेदार मांजरांसारखे निमराव्हिड यांचे सांगाडे येथे विपुल आहेत. गेंड्याहूनही मोठे व नाकावर द्विशाख शिंग असलेले ब्राँटोथेअर मात्र इओसीन संपताना नष्ट झाले.

येथील हवामानबदल यूरोपाहून सौम्य नव्हता. प्राण्यांच्या जीवाश्म दातांतील व हाडांतील समस्थानिकांच्या मापनावरून (२००७) वार्षिक सरासरी तापमान सु. चार लक्ष वर्षांत ८° से.च्या आसपास घटल्याचे अनुमान आहे. असे असूनही सस्तन प्राण्यांत यूरोपासारखा छेद पडला नाही. बहुतेक वंश सीमेच्या अलीकडे-पलीकडे तसेच राहिले. थंडीचा खरा फटका गोगलगायी, उभयचर व सरपटणारे प्राणी यांना बसला. शरीराचे तापमान स्वतः राखणारे सस्तन प्राणी थंडीला अधिक चांगले तोंड देऊ शकतात, हे यामागचे एक कारण होय. येथील अरण्ये इओसीनच्या उत्तरार्धापासूनच विरळ होऊ लागली होती व प्राणी त्यांना सरावले होते, हे दुसरे. शिवाय त्या सुमारास यूरोपासारखी प्राण्यांची एकाएकी मोठी आयातही येथे झाली नाही.

आशिया व भारतीय उपखंड : मंगोलियात तर चित्र आणखी निराळे आहे. तेथील इओसीन प्राण्यांत मोठ्या विषमखुरी प्राण्यांचे प्राबल्य होते, तर ऑलिगोसीन काळातील सांदा गोल थरांत कृंतक व सशाच्या गणातील छोटे प्राणी संख्येने वरचढ झाले. जिन मेंग व माल्कम मॅकेना यांनी १९९८ मध्ये या बदलास ‘मंगोलियन पुनर्रचना’ असे नाव दिले. तिबेटच्या ईशान्य कडेवरील शीनिंग खोऱ्यात सरोवरांत साचणारे जिप्सम याच सुमारास थांबल्याचे दिसते (२००७). त्यावरून मध्य आशिया थंडीबरोबर कोरडाही झाला, असे मानतात. झाडी कमी होऊन खुरटी झुडपे वाढली, की बिळांत राहणाऱ्या लहान प्राण्यांचे फावते.

तथापि जमिनीवर आजवर राहिलेल्या सर्वांत मोठ्या सस्तन प्राण्यांपैकी एक याच काळात याच खंडात वावरत होता. पॅरासेराथेरियम हा शिंग नसलेला, लांब मानेचा गेंड्यांचा नातलग असून त्याची खांद्याजवळ उंची सु. ४·८ मी. व वजन १५ ते २० टन असावे. त्याची हाडे भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाचे गाय पिल्ग्रिम यांनी आज पाकिस्तानात असलेल्या बलुचिस्तानातील डेरा बुगटी भागातून मिळविली व १९०८ मध्ये त्यांचे वर्णन केले. क्लाइव्ह फॉर्स्टर कूपर यांनी त्यानंतर तेथे उत्खनन करून १९११ मध्ये पॅरासेराथेरियम व १९१३ मध्ये बलुचिथेरियम ही नावे दिली. १९२२ मध्ये रॉय चॅपमन अँड्रूझ यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकन मोहिमेस मंगोलियात त्याची मोठी कवटी सापडली आणि बलुचिथेरियम हे नाव लोकप्रिय झाले. पहिल्या नावाला अग्रक्रम असल्याने आता पॅरासेराथेरियम हेच नाव वापरतात. चीनच्या गान्सू प्रांतातील लिनशिया खोऱ्यात सु. २·६५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत त्याची आणखी एक जाती मिळाली (२०२१). बुगटीतील जातीशी तिचे जवळचे नाते आहे. त्यावरून आजचे तिबेटचे उंच पठार तेव्हा या प्राण्यांच्या वाटेत पुरती भिंत बनलेले नव्हते, असे अनुमान तिच्या संशोधकांनी काढले आहे.

बुगटीच्या थरांत नरवानरांचेही दात मिळाले आहेत (२००५). चीनच्या युनान प्रांतात ऑलिगोसीन नरवानरांच्या सहा जाती आढळल्या (२०१६). उत्तरेकडील आशियातून नाहीसे झालेले हे वृक्षवासी प्राणी दक्षिणेकडील उष्ण पट्ट्यात तग धरून राहिले होते. आसामातील माकुम कोळसाक्षेत्राच्या उत्तर ऑलिगोसीन थरांतील पानांचे जीवाश्म उष्ण कटिबंधीय सदाहरित अरण्याचे आहेत, याच्याशी हे जुळते. भारताच्या पश्चिम भागात मात्र या काळातील थर मुख्यतः सागरी आहेत. कच्छमधील मनियारा फोर्ट थर व मुंबईजवळच्या समुद्रतळाखालील तेलक्षेत्रांच्या विंधनविवरांत लागलेले चुनखडक ही त्यांची उदाहरणे होत. फोरॅमिनीफेरांनी समृद्ध असलेल्या या थरांत जमिनीवरील प्राण्यांचा इतिहास सापडणे अवघड आहे.

आफ्रिका : ऑलिगोसीन काळात आफ्रिका व अरबस्तान मिळून एक अलग भूखंड होता. टेथिस समुद्रामुळे तो यूरोप व आशियापासून तुटलेला होता. त्याच्या प्राण्यांची माहिती प्रामुख्याने कैरोच्या नैर्ऋत्येस असलेल्या फायूमच्या वाळवंटातील जेबेल कत्रानी थरांतून मिळते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी चार्ल्स अँड्रूझ यांनी येथील प्राण्यांचे पहिले मोठे वर्णन प्रसिद्ध केले (१९०६). नाकावर दोन प्रचंड शिंगे असलेला आर्सिनोइथेरियम, हत्तींचे पूर्वज फिओमिया व पॅलिओमॅस्टोडॉन, तसेच हायरॅक्सांचे लहानमोठे प्रकार येथे सापडले. १९६५ मध्ये एल्विन सायमन्स यांनी वर्णिलेला ईजिप्टोपिथेकस हा सु. ३ कोटी वर्षांपूर्वीचा नरवानर मानव, कपी व पूर्व गोलार्धातील माकडे यांच्या समान पूर्वजाच्या जवळचा मानतात.

मोठे प्राणी टिकून राहिलेले दिसत असल्याने आफ्रिकेवर थंडीचा परिणाम फारसा झाला नाही, असा पूर्वी समज होता. कृंतक, नरवानर व आदिम मांसाहारी यांच्या पाच गटांच्या वंशावळींचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच्या विरुद्ध आहे. त्यानुसार या गटांतील सु. दोनतृतीयांश वंशशाखा पूर्व ऑलिगोसीनमध्ये लुप्त झाल्या. दातांच्या आकारांतील, म्हणजेच आहारातील विविधताही घटली आणि नंतर जे प्रकार वाढले ते वाचलेल्या मोजक्या शाखांपासून निर्माण झाले. आज मानवासह जे उच्च नरवानर आहेत, ते अशा वाचलेल्यांचेच वंशज होत. आफ्रिकेत रिकाम्या झालेल्या जागा बाहेरून कोणी येऊन भरल्या नाहीत. म्हणून तेथील नाश यूरोपाप्रमाणे चटकन नजरेस आला नाही.

दक्षिण अमेरिका : हे खंडही बेटच होते. चिलीतील अँडीज पर्वतात तिंगिरिरिका नदीच्या खोऱ्यात १९८८ मध्ये सापडलेल्या पूर्व ऑलिगोसीन प्राण्यांपैकी बऱ्याच शाकाहारी प्राण्यांचे दात उंच शिखराचे आहेत. असे दात गवतासारखे खरखरीत अन्न खाताना झिजले, तरी दीर्घकाळ पुरतात. यावरून पृथ्वीवरील पहिली गवताळ मैदाने येथे असावीत, असे मानले गेले. परंतु पॅटागोनियातील ग्रान बारांका येथील थरांतील वनस्पतींच्या सूक्ष्म सिलिकाकणांचा अभ्यास (२०१३) या मतास पुष्टी देत नाही. तेथे उंच दात गवताळ मैदानांच्या आधीच विकसित झालेले दिसतात. वाऱ्याने व ज्वालामुखींनी पानांवर टाकलेली धूळ व राख हे दात झिजण्याचे कारण असू शकते.

माकडे व साळींदरांशी नाते असलेले कृंतक आफ्रिकेतून, बहुधा वाहत्या झाडांच्या तराफ्यांवरून, या खंडात आले. बोलिव्हियातील साया थरांत सापडलेले ब्रॅनिसेला हे माकड उत्तर ऑलिगोसीनमधील आहे. पेरूतील सांता रोसा येथील उकायालिपिथेकसचे दात (२०२०) फायूमच्या लुप्त नरवानरांच्या एका कुलाशी जुळतात. समुद्राची पातळी उतरल्याने अटलांटिकची रुंदी काहीशी घटली असताना हे प्राणी आले असावेत, असे एक मत आहे.

अंटार्क्टिका : या खंडाच्या द्वीपकल्पाजवळील सीमोर बेटावर १९८२ मध्ये इओसीनकालीन शिशुधान (पिलांसाठी पिशवी असलेल्या) प्राण्यांचे जीवाश्म सापडले. त्यावरून तेथे तेव्हा अरण्ये व जमिनीवरील सस्तन प्राणी होते, हे सिद्ध झाले. समुद्रमार्ग उघडल्याने या प्राण्यांना उत्तरेकडे सरकण्यास भूसेतू उरला नाही. हिमस्तर वाढत गेला तसे ते सर्व नष्ट झाले. आज त्या खंडावर जमिनीवर राहणारा एकही मूळचा सस्तन प्राणी नाही. थंडीपेक्षा वाट नसणे किती घातक ठरते, याचे हे टोकाचे उदाहरण होय.

सागरी सस्तन प्राणी : जमिनीवर जी थंडी घातक ठरली, तीच समुद्रात अनेकांना लाभदायक झाली. थंड, सतत घुसळल्या जाणाऱ्या दक्षिण महासागरात तळाकडील पोषक द्रव्ये वर येतात व सूक्ष्म जीवांची वाढ होते. यामुळेच देवमाशांच्या दोन आधुनिक गटांचा ऑलिगोसीनमध्ये विस्तार झाला, असे एक महत्त्वाचे मत आहे. तोंडातील झालरीने अन्न गाळून घेणाऱ्या देवमाशांचे आरंभीचे नातलग दात असलेले होते. ऑस्ट्रेलियातील सु. २·५ कोटी वर्षांपूर्वीचा जॅनजुसिटस (वर्णन २००६) हे त्यांचे उदाहरण होय. दंतधारी देवमाशांच्या शाखेत ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधण्याची क्षमता या काळी विकसित झाली होती, हे दक्षिण कॅरोलायनातील कॉटिलोकाराच्या कवटीवरून (२०१४) दिसते. सील माशांचे पूर्वजही उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यावर उत्तर ऑलिगोसीनमध्ये आढळतात.

पक्षी : पक्ष्यांची हाडे पोकळ व नाजूक असल्याने त्यांचे जीवाश्म कमी मिळतात. तरीही यूरोपातील काही स्थळांनी मोलाची माहिती पुरविली आहे. फ्रान्समधील केर्सी येथील फॉस्फेटच्या खाणी व जर्मनीत हायडेलबर्गजवळील फ्राउएनव्हाइलर येथील मातीची खाण ही त्यांपैकी प्रमुख होत. फ्राउएनव्हाइलर येथे मिळालेल्या युरोट्रोकिलस या लहानशा पक्ष्याचे वर्णन गेराल्ड माइर यांनी २००४ मध्ये केले. लांब चोच व एका जागी तरंगत राहण्यास योग्य अशी खांद्याजवळची हाडे यांवरून तो आधुनिक गुंजन पक्ष्यांचा (हमिंगबर्डांचा) निकटचा नातलग ठरतो. आज गुंजन पक्षी फक्त अमेरिका खंडांत आहेत. टोडी पक्ष्यांचे नातलगही तेव्हा यूरोपात होते. आज ते कॅरिबियन बेटांपुरते उरले आहेत. एखादा पक्षी आज जेथे आढळतो तेथेच त्याचा उगम झाला असेल, हा तर्क किती फसवा आहे, ते यावरून कळते.

चिमण्या, कावळे, बुलबुल इत्यादींचा समावेश असलेला पॅसेरीफॉर्मीझ गण आज पक्षिजातींपैकी निम्म्याहून अधिक जातींचा आहे. त्याचे सर्वांत जुने अवशेष ऑस्ट्रेलियातील इओसीन थरांत मिळतात. उत्तर गोलार्धात तो जर्मनी व पोलंड येथील पूर्व ऑलिगोसीन थरांत प्रथम दिसतो. सस्तन प्राण्यांतील मोठ्या छेदाप्रमाणे पक्ष्यांतही उत्तरेकडे नव्या गटांचा शिरकाव याच सुमारास झाला, असे म्हणता येते. मात्र पंखांना भूसेतूची गरज नसते, म्हणून पक्ष्यांतील बदलाचा समुद्रमार्ग आटण्याशी सरळ संबंध जोडता येत नाही. फायूमच्या थरांतील कमळपक्षी, करकोचे, बगळे व जोड्याच्या आकाराच्या चोचीचा शूबिल यांचे अवशेष (१९८७) आजच्या युगांडातील पाणथळ प्रदेशांची आठवण करून देतात. यूरोप थंड होत असताना उत्तर आफ्रिकेत दलदली व उष्ण वने टिकून होती, या निष्कर्षास पक्ष्यांचाही असा दुजोरा मिळतो.

दक्षिण अमेरिकेत मोठे मांसाहारी सस्तन प्राणी थोडे होते. तेथे फायसोर्निस यांसारखे उडू न शकणारे प्रचंड पक्षी भक्षकांच्या जागी होते. न्यूझीलंडमधील कैरुकू पेंग्विन सु. १·३ मी. उंच होते (वर्णन २०१२). उत्तर पॅसिफिकच्या जपानी व अमेरिकन किनाऱ्यांवर पेंग्विनांशी नाते नसलेले, पण त्यांच्यासारखेच पंखांनी पोहणारे प्लोटोप्टेरिड पक्षी होते. दोन गोलार्धांत दोन स्वतंत्र कुलांनी थंड व अन्नसमृद्ध समुद्राचा सारखाच उपयोग करून घेतला. दक्षिण कॅरोलायनात चार्ल्सटन येथे विमानतळाच्या बांधकामात १९८३ मध्ये सापडलेला पेलागॉर्निस सँडर्साय हा सु. २·५ कोटी वर्षांपूर्वीचा सागरी पक्षी पंख पसरल्यावर सु. ६·४ मी. रुंद भरत असावा (वर्णन २०१४). आजच्या सर्वांत मोठ्या अल्बट्रॉसाच्या पंखविस्ताराच्या हे जवळजवळ दुप्पट आहे.

उत्तर ऑलिगोसीन व अखेर : ऑलिगोसीनच्या शेवटच्या टप्प्यात हवामान पुन्हा काहीसे उबदार झाले व अंटार्क्टिकावरील हिमस्तर आक्रसला. सु. २·३ कोटी वर्षांपूर्वी हिमाची आणखी एक अल्पकालीन वाढ झाली आणि या खुणेच्या आसपास मायोसीनचा प्रारंभ मानतात. विस्तृत गवताळ मैदाने, त्यांवर चरणारे घोडे व रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे मोठे कळप हे मायोसीनचे वैशिष्ट्य आहे. मात्र त्यास आवश्यक ती विरळ वने व मोकळ्या जागा ऑलिगोसीनमध्येच तयार होऊ लागल्या होत्या.

या कालखंडाच्या अभ्यासाचे महत्त्व केवळ प्राचीन प्राण्यांपुरते नाही. वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण एका मर्यादेखाली आल्याने जो हिमस्तर तयार झाला, तोच कमीअधिक प्रमाणात आजही अंटार्क्टिकावर आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाखांत सु. २८० भाग असलेले हे प्रमाण २०२४ मध्ये ४२० भागांहून अधिक झाले आहे. हिमस्तर तयार होण्यास जितके प्रमाण उतरावे लागते, त्याहून बरेच अधिक प्रमाण तो पुरता वितळण्यास लागते, असे संगणकीय प्रतिकृती दर्शवितात. त्यामुळे ऑलिगोसीनचा क्रम जसाच्या तसा उलट घडेल असे नाही. प्राण्यांच्या बाबतीत मात्र या काळाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. जेथे उष्ण प्रदेशाकडे सरकण्यास जागा होती तेथे वंश टिकले, जेथे नव्यांना येण्यास वाट मिळाली तेथे प्राणिजीवन पुन्हा भरून आले आणि जेथे चहूकडे समुद्र होता तेथे ते कायमचे संपले. ऑलिगोसीनमध्ये तीन लक्ष वर्षांत जो बदल झाला, त्याच्या तुलनेने आजचा बदल शतकांच्या मोजमापाने होत आहे. शिवाय वन्य प्राण्यांच्या वाटा शेते, रस्ते व नगरे यांनी तुटलेल्या आहेत. या दृष्टीने फायूम, बुगटी व सीमोर बेट येथील हाडे आजच्या वन्य जीवांच्या संरक्षणाच्या विचारातही दखल घेण्याजोगी ठरतात.